अडतीस अंशांचा पारा

१४ जानेवारी १९८९, शनिवार. सोयगाव.
सारजामावशीचा जन्मातला पहिला रंगीत फोटो काढला; छत्तीसचा अख्खा रोल तिच्यावरच. नात पहिल्या संक्रांतीला माहेरी आलीय. जाताना ट्रंकेतली लाल पैठणी तिला द्यायची, पण त्याआधी एकदा नेसून फोटो हवा, असा मावशीचा हट्ट. "लुगड्याचा रंग येईल ना रं फोटूत?" असं तीनदा विचारलं. म्हटलं, मावशी, तुझ्या लग्नात होता त्याहून लाल येईल. शब्द दिला.

१७ जानेवारी.
शहरात, गुलमंडीतल्या निजामुद्दीनभाईंच्या फोटो स्टुडिओत गेलो. ते म्हणाले, रोल ठेवून जा, धुवून देतो. मावशीचा रोल परक्या हातात? घरीच धुणार. फिल्म धुण्याचं पुस्तक दोनदा वाचलंय. त्यांच्याकडून केमिकलचा कीट घेतला. देताना त्यांनी बजावलं, "सब खेल टेम्परेचर का है साहब. अडतीस डिग्री. पानी ठंडा पडा तो रंग गया समझो." मी नुसता हसलो. अकरा वर्षांत ऑफिसात एक लेट मार्क नाही, त्या माणसाला हे सांगतात.

२१ जानेवारी.
फोटोचा खास थर्मामीटर मुंबईहून मागवावा लागतो म्हणे. कशाला? घरात तापाचा आहे. अडतीस सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट. गणित तीनदा केलं. दुसऱ्यांदा वेगळं आलं होतं, पण तेव्हा पेन नीट चालत नव्हतं.

२२ जानेवारी, रविवार.
नुसत्या पाण्यावर तालीम. टबात रॉड लावला. पारा १००.४ वर आल्याबरोबर बंद केला. दहा मिनिटांनी पाहिलं: १००.४. अर्ध्या तासाने: १००.४. तासाने तेच! पुस्तकात लिहिलंय, तापमान टिकवणं ही नवशिक्यांची मोठी अडचण असते. नवशिक्यांची असेल.
वच्छला म्हणाली, अहो, पाणी गार पडलंय, आंघोळीला दुसरं तापवते. बायकोच्या बोटापेक्षा काचेतल्या पाऱ्यावर विश्वास ठेवणं याला सायन्स म्हणतात, असं तिला शांतपणे समजावलं. ती शांतपणे गेली नाही.

२४ जानेवारी.
पुन्हा तालीम. आज नवल घडलं. थर्मामीटर पाण्यात बुडवायच्या आधीच १००.४ दाखवतोय. माझ्या हाताखाली वस्तूंनाही शिस्त लागते. आमच्या बाथरूमची हवाच फोटोग्राफीला मानवणारी असावी.

२६ जानेवारी, सकाळी ६.
आज ऑफिसात झेंडावंदन. आमचे साहेब काकासाहेब गैरहजेरी खपवून घेत नाहीत. चिठ्ठी पाठवली: ताप आहे, १००.४. आकडा अगदी खरा. फक्त ताप टबाला आहे.
रजईखाली अंधार करून फिल्म डब्यात भरली. चाळीस मिनिटं. आत जीव गुदमरला.

सकाळी ७.३०.
केमिकलच्या बाटल्या टबात. पाणी पहाटे एकदा तापवलं होतं, पुन्हा रॉड लावायची गरज नाही. पारा बघा ना! बनियन ओलं, पाय ओले, बाहेर कडाक्याची थंडी. दाराबाहेर वच्छला टॉवेल घेऊन उभी. मधूनमधून कडी वाजवते.

सकाळी ९.
झालं! फिल्म दोरीवर, कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवली. जरा फिकट वाटते. वाळल्यावर गडद होईल. शिंका चार.

३० जानेवारी.
निजामुद्दीनभाईंनी फिल्म उजेडात धरली. उलटी करून पुन्हा धरली. मग हळूच विचारलं, "ठंडे पानी में करे क्या?" म्हटलं, शेवटपर्यंत १००.४. छत्तीस फोटोंतून त्यांनी खटपट करून एकाची प्रिंट काढून दिली. मावशी चुलीच्या धुरात बसल्यासारखी. नाकडोळे पुसट. लाल पैठणी शेवाळी.
घरी वच्छलाने प्रिंट पाहिली आणि एवढंच विचारलं, "अहो, थर्मामीटर झटकला होता का?"
प्रश्न गैरलागू. झटकायचा तो ताप बघताना.

३१ जानेवारी.
झटकून पाहिला. पारा सर्रकन खाली गेला. मग टबाच्या गार पाण्यात धरला. जागचा हलला नाही. म्हणजे चढलेला पारा झटकेपर्यंत उतरत नाही, आणि मी २६ तारखेपर्यंत २२ तारखेच्या रविवारचंच पाणी मोजत होतो. घराघरांत लहान पोरालाही हे ठाऊक असतं. अंगात कसकस.

३ फेब्रुवारी, शुक्रवार.
तीन दिवस अंथरुणात. ताप आल्याची चिठ्ठी ऑफिसात पाठवली, ती परत आली. वर काकासाहेबांचं अक्षर: "पुन्हा १००.४?"
दुपारी मावशी आली. नात पैठणी घेऊन नागपूरला गेली म्हणे. आता पुन्हा नेसून फोटो काढायची सोय नाही. वच्छलाने मान खाली घालून प्रिंट पुढे केली. मावशीने ती जवळ नेली, लांब धरली, मग कपाळाला लावली. डोळ्यांत पाणी. "आगं बया, या तर आमच्या सासूबाई! त्यांचा एक बी फोटू नव्हता घरात. तुला कुठं घावला रं?"
खरं सांगून टाकावं म्हणून उठून बसलो, तेवढ्यात वच्छलाने नवा थर्मामीटर चांगला झटकून माझ्या तोंडात दिला.
मावशीने प्रिंट पिशवीत जपून ठेवली आणि विचारलं, "आन माझा कवा देतो?"
तोंडात थर्मामीटर, त्यामुळे बोलता आलं नाही. दोन मिनिटांनी वच्छलाने काढून वाचला. १००.४.
मावशी माझ्या तोंडाकडे बघत बसली होती. मी वच्छलाला म्हटलं, एकदा बघून भागत नाही, पुन्हा लाव.