पिशवीतलं लोहचुंबक

शनिवार, संध्याकाळ. मालेगाव.

चिडचिड जात नाहीये. पण चिडू कुणावर? मायवर?

झेरॉक्सच्या दुकानातली टोनरची काळी पूड सोयाबीनच्या तेलात कालवून मी बरणी भरली होती. बाहेरून लोहचुंबक फिरवलं की ते तेल काटे उभारून हातामागे धावतं. बघणाऱ्यानं स्वतः फिरवावं, यातच सगळी कला. मला दुकानातून सुट्टी मिळाली नाही, म्हणून कलास्पर्धेच्या प्रदर्शनात बरणीजवळ माय बसली.

प्रदर्शन संपता संपता मी पोचले तेव्हा तेल तळाशी निपचित पडलेलं. लोहचुंबक कुठंय?

"माह्या पिशवीत हाये. दिवसभर कोनाले हात लावू देला नाही, पोरी."

केवढ्या अभिमानानं सांगितलं तिनं! आमच्या घरी टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिकही अजून निघालेलं नाही. परीक्षकांना काय दिसलं असेल? तेलाची बरणी. मी "बरं केलं" म्हणाले.

घरी आल्यावर तिच्या पिशवीतून लोहचुंबक काढून फिरवलं. काटे सरसरून उठले. माय बघतच राहिली. मी लोहचुंबक तिच्यापुढे धरलं, तर तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"नको वं. माह्या हातानं बिघडीन."