ताईची मागे पळणारी खुर्ची

चि. भाचेसाहेब यांस,

मामाचे भरभरून आशीर्वाद. तुझा खोकला गेला का? फोनवर तू खोकत होतास की विषय टाळत होतास ते कळलं नाही, म्हणून दोन्हींची चौकशी करतो. इकडे मी आणि तुझी मामी बरे आहोत. तुझ्या आईचा, म्हणजे माझ्या ताईचा, पाय सुधारतो आहे. (जिभेला पडल्या दिवशीही काही झालं नव्हतं.)

खुर्चीचा गोंधळ थांबला नाही तर आईला घेऊन जाईन, असं तू कळवलंस. ताईला हे घर सोडायचं नाही आणि मला तिच्याशिवाय करमायचं नाही. तेव्हा गाडी ठरवण्याआधी हे पत्र पुरतं वाच.

ताईच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत मी रूळ टाकला, त्यावर खुर्ची, खाली मोटर. मोटरला अधिक व्होल्टेज दिलं की खुर्ची पुढे, उणे दिलं की मागे, शून्यावर उभी. आपला मायक्रोकंट्रोलर, म्हणजे हुकूम देणारी चिप, मात्र शून्य ते पाच व्होल्टच्या बाहेर पाऊल टाकत नाही. उणे म्हटलं की त्याचे हात वर. मग मी त्याच्या पिनेतून विजेचे ठोके काढले, रेझिस्टर-कपॅसिटरमधून गाळून सपाट केले, आणि पुढे ऑप-अँप, म्हणजे व्होल्टेज वाढवणारा तुकडा, बसवून सगळा पट्टाच ताणून खाली सरकवला. आता चिपचं अर्धं म्हणजे मोटरचं शून्य, चिपचं पूर्ण म्हणजे भरधाव पुढे, आणि चिपचं शून्य म्हणजे भरधाव मागे. (हसू नकोस. हे मी कॉलेजात नाही, लोकांचे बिघडलेले टेपरेकॉर्डर उघडून शिकलो.)

माझ्यासमोर खुर्ची अगदी गुणी. मी पाठ फिरवली, की जेवून खुर्चीत बसलेली ताई खुर्ची चालवायच्या दांडीला हात न लावता सुसाट मागे जायची आणि रुळाच्या टोकाला लावलेल्या गादीवर धप्प. पहिला संशय शेजारच्या घड्याळजीवर. हा माणूस येतो, खुर्चीखाली वाकून बघतो आणि काही न बोलता हसतो; न बोलता हसणाऱ्यावर माझा विश्वास नाही. मग तुझ्या मामीवर, कारण रुळासाठी तिच्या मांडणीचा पाय कापावा लागला होता. शेवटी, लपवत नाही, तुझ्यावर. आईला न्यायला निमित्त हवं म्हणून तूच घड्याळजीला फितवलंस, असं मनाने घेतलं. (तू त्याला दिवाळखोर म्हणतोस, त्याच्या सावलीलाही उभा राहत नाहीस, हे आठवल्यावर तो संशय थोडा उतरला, पुरता नाही.)

तपासासाठी मी दाराआड उभा राहिलो. ताई खुर्चीतून उठून जेवणाच्या टेबलाशी बसली, मामीने लगेच खुर्चीचं बटण बंद केलं. वीज फुकट जाऊ द्यायची नाही, हा तिचा जुना शिरस्ता. जेवण झालं, ताई पुन्हा खुर्चीत बसली, बटण दाबलं, आणि गेली.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी तपासताना खुर्ची कायम चालूच ठेवायचो. बटण दाबल्यावर चिपला जागं व्हायला जरा वेळ लागतो, तोवर तिची पिन शून्यावर. ऑप-अँपला काय ठाऊक बाई अजून झोपेत आहेत. शून्य दिसलं, त्याने भरधाव मागेचा हुकूम सोडला. आता मध्ये रिले, म्हणजे आपोआप जोडणारा स्विच, घातला आहे. चिप जागी होऊन अर्ध्यावर आली, की मगच मोटर जोडली जाते. दांडी हलवल्याशिवाय खुर्ची जागची हलत नाही. तेव्हा तू येऊ नकोस.

तुझा,
मामा

ता. क. : खुर्ची सुधारल्यापासून ताई माझ्याशी बोलत नाही. घड्याळजीची बायको येऊन सुनेचं गाऱ्हाणं सुरू करायची, तेव्हा ताई हळूच बटण बंद-चालू करून तिच्यासमोरून नाहीशी व्हायची म्हणे. आता बसून सगळं ऐकावं लागतं.

ता. क. दुसरा : आज बोलली. "खुर्ची होती तशी कर, नाहीतर मी लेकाकडे चालले." मी पळून जाण्याचं वेगळं बटण बसवतो आहे, पण तोवर तिला थोपवायला हवं. तिला फोन करून सांग, की तुझ्या घरी रंगकाम काढलं आहे. आणि भिंतींना कोणता रंग देतो आहेस ते आधी मला कळव. ती दोघांनाही वेगवेगळं विचारणार.