ताण तोडायचा दिवस

मामाचा मळा, अंबड
१२ डिसेंबर २०२४

ती. अरुंधती आत्यास,
वरदचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तू फोन लावती आन् मी हां-हूं करून मामीच्या हातात देतो, म्हणून चिडून पत्र लिहिलं म्हणती. बरं केलं. फोनवर समोरचा वाट बघत राह्यतो, मला ते कळतं, मंग अजूनच काही सुचत न्हाई. कागद वाट बघत न्हाई.

इथं बरं हाय. मामीच्या हातचं खाऊन मी जाड झालोय असं मामी म्हणती, अप्पाराव म्हणतो का वाऱ्यानं उडंल. अप्पाराव म्हंजे मामाचा जुना गडी, मामाच्या वडिलांपासून मळ्यात हाय. त्याला वाटतं मी मुका हाय, हातवारे करून बोलतो माझ्याशी.

मोसंबीला ताण दिलाय. तुला जालन्यात बसून काय कळणार, सांगतो. कार्तिकी पुनवेपासून बागेचं पाणी बिलकुल बंद. झाड तहानलं का आत फुलाची तयारी करतं, आन् पाणी मिळाल्याबरोबर फुलावर येतं. ताण कमी पडला तर नुसती पानं फुटतात. जास्ती झाला तर झाडच वाळतं.

तू विचारलं का अकरावीत त्या दिवशी वर्गात काय झालं. बाबाला मी सांगितलं न्हाई, तुला लिहितो. सरांनी फळ्यावर बोलवलं. x चा घन दिल्ता. डेरिव्हेटिव्ह काढ म्हणले, काढला. शून्य कुठं येतो म्हणले, तेबी बराबर काढलं, x शून्य असताना. मंग मी खाली लिहिलं का इथं मॅक्झिमम. सर म्हणले कशावरून. माझी जीभच हालंना. ते म्हणले साहेबांचं मौनव्रत हाय, आन् सगळा वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी गेलो न्हाई. मंग तिसऱ्या दिवशी जायला अजून लाज वाटली. असं करत करत शाळाच सुटली.

एक सांग फकस्त. तिथं मॅक्झिमम व्हतं का न्हाई?

मामा-मामीचा तुला नमस्कार. माझ्यावर चिडली तरी पत्र बंद करू नको.

तुझा
वरद

*

नवीन जालना
१७ डिसेंबर २०२४

चि. वरद यास अरुंधती आत्याचे अनेक आशीर्वाद.

नव्हतं. तुझं चुकलं होतं. सरांचा प्रश्न बरोबर होता, त्यांचं हसणं चूक होतं. दोन्ही वेगवेगळं ठेव, एकात एक मिसळू नको.

आता नीट वाच. डेरिव्हेटिव्ह म्हणजे त्या जागी चढ किती आहे ते. शून्य आला म्हणजे ती जागा सपाट, बस, एवढंच कळलं. पण सपाट जागा टेकडीच्या माथ्यावर असते, खड्ड्याच्या तळाला असते आणि आमच्या ऑफिसच्या जिन्यात मधेच मोकळी जागा आहे, तिथंही असते. तिथं मी रोज दम खाते. मग कोणती आहे हे ओळखायचं कसं? अलीकडं-पलीकडं बघायचं. अलीकडं चढ आणि पलीकडं उतार, तर माथा. अलीकडं उतार आणि पलीकडं चढ, तर तळ. दोन्हीकडं चढच असला तर नुसता जिना. तुझा x चा घन म्हणजे जिना.

एक शॉर्टकट पण आहे. डेरिव्हेटिव्हचा पुन्हा डेरिव्हेटिव्ह काढायचा. उणे आला तर माथा, अधिक आला तर तळ. पण x च्या घनाला तो शून्य येतो आणि शॉर्टकट गप्प बसतो, अगदी तुझ्यासारखा. मग दोन्ही बाजू बघण्याशिवाय इलाज नाही.

आता हे सोडव: x³ − ६x² + ९x. माथा कुठं, तळ कुठं, आणि कशावरून. कागदाला तरी लाजू नको. आणि अक्षर जरा मोठं काढ, माझा चष्मा आधीच जाड आहे.

बियाण्याच्या कंपनीत आमचं बरं चाललंय. प्लॉटवर कोणत्या खतानं किती पीक आलं त्याच्या रेषा काढत बसते. तुझ्या बाबाचा रोज फोन असतो, वरदचं पत्र आलं का म्हणून. त्याला म्हटलं, तुला हवं तर तूच लिही. तर म्हणतो, काय लिहू. घराणंच तसं आहे.

जेवत जा. आत्याला विसरू नको.

तुझी
आत्या

*

मामाचा मळा, अंबड
२४ डिसेंबर २०२४

ती. आत्यास सा. न.

बघ, अक्षर मोठं काढलंय.

डेरिव्हेटिव्ह आला ३x² − १२x + ९. शून्याबरोबर मांडला, तर x = १ आन् x = ३. मंग अलीकडं-पलीकडं गेलो. एकच्या अलीकडं शून्य घातला, नऊ आले, म्हंजे चढ. एक आन् तीनच्या मधात दोन घातला, उणे तीन, म्हंजे उतार. तीनच्या पलीकडं चार घातला, पुन्हा नऊ, चढ. म्हणून एकला माथा, तिथं किंमत चार. तीनला तळ, तिथं शून्य. शॉर्टकटबी लावला. ६x − १२. एकला उणे सहा, तीनला अधिक सहा. जुळलं. बाजेवर बसून काढलं, कोणी बघत नव्हतं, लई मजा आली.

पण पाच घालून बघितला तर किंमत वीस येऊन राह्यली! मंग चार किमतीला मॅक्झिमम कसं म्हणायचं? हे तर फसवणं झालं.

बागेत पानं पिवळी पडून राह्यली. मामा म्हणतात ताण बराबर बसलाय. रोज एक चक्कर मी एकटाच मारतो. झाडाशी बोलायला लागत न्हाई.

मामी म्हणती, आत्याला सांग का तुझ्या पत्राच्या दिवशी ह्याला दोन भाकरी जास्ती लागतात. अशीच माया असू दे.

तुझा
वरद

*

नवीन जालना
२९ डिसेंबर २०२४

चि. वरद यास आशीर्वाद.

शाबास. एकही चूक नाही. मी दोनदा तपासलं, कारण विश्वास बसेना, असं लिहिणार होते. पण पहिल्यांदाच बसला.

फसवणं नाही रे. त्याला लोकल मॅक्झिमम म्हणतात, आपल्या आजूबाजूपुरता माथा. तुझा बाबा आपल्या घरात सगळ्यात उंच. खरं आहे ना? आणि माझ्या लग्नाच्या फोटोत माझ्या सासरच्यांच्या शेजारी उभा आहे तो बघ, खांद्याला पण लागत नाही. म्हणून घरातली त्याची उंची खोटी ठरत नाही. डेरिव्हेटिव्हला फक्त जवळचं दिसतं. लांबचा डोंगर त्याला माहीतच नसतो. म्हणून एका जागेचा माथा दुसऱ्या जागेवर लादायचा नाही, प्रत्येक जागेचा वेगळा काढायचा.

आता माझा प्रश्न. तुमच्या ताणाची पण रेषा असेल ना? पाणी बंद ठेवल्याचा फायदा आधी वाढतो आणि मग कमी होतो, असं तूच लिहिलंस. त्याचा माथा कुठं आहे? मामाला विचार. विचारायची लाज वाटली तर झाडाला विचार, पण मला कळव.

थंडी फार आहे, कानाला बांधत जा. लोभ आहेच, तो पत्रानं वाढू दे.

तुझी
आत्या

*

मामाचा मळा, अंबड
४ जानेवारी २०२५

ती. आत्यास सा. न.

हे पत्र जल्दी वाच.

तू म्हणली तसं झाडाला विचारलं. माझ्या डोक्यात असं आलं. ताणात फुलाची ताकद रोज वाढती आन् झाडाचा जीव रोज थोडा जातो. कमाई जास्ती तोवर चढ. दोन्ही बराबर झालं का माथा. त्याच्या पुढं जीवच जातो, कमाई न्हाई. मंग मी रोज झाडाच्या काडीची साल नखानं खरवडून बघाया लागलो. बागेच्या जुन्या भागात काळी जमीन हाय. तिथं पानं पिवळी, पण काडी आतून हिरवी. म्हंजे अजून चढ. नाल्याकडची ओळ मुरमाड जागेत हाय. तिथं मागच्या आठवड्यात काडी हिरवी व्हती, आता शेंडे वरून वाळत चाललेत, नख लावलं तर तपकिरी. तिथं उतार लागलाय, आत्या. माथा मागं गेला.

आन् मामा संक्रांतीशिवाय पाणी सोडणार न्हाईत. त्यांच्या वडिलांपासून तसंच हाय. संक्रांतीला मामी नारळ फोडती, हळद-कुंकू वाहती आन् सगळ्या बागेला एकाच दिवशी पाणी. पण तवा बाग नुसती काळीत व्हती. नाल्याकडची झाडं मामानं मागून लावली, आन् रीत तीच लावली. मामा पाणी पाजायला चालढकल करत न्हाईत, त्यांना वाटतं तेच बराबर हाय. तिकडं ते जातबी कमीच, त्यांचं सगळं ध्यान काळीत.

संक्रांतीपर्यंत ती ओळ ऱ्हाणार न्हाई. मी काल दोनदा मामासमोर जाऊन उभा राह्यलो. पहिल्यांदा त्यांनी विचारलं भूक लागली का. दुसऱ्यांदा अप्पाराव व्हता, त्यानं हातवारे करून विचारलं का पोट दुखतं. मी मान हालवली, त्यानं ओवा दिला. खाऊन आलो.

तू मामाला फोन कर ना. तुझं ऐकतील. माझं नाव नको घेऊ. एवढं कर, मंग मी काही मागणार न्हाई.

तुझा
वरद

*

नवीन जालना
७ जानेवारी २०२५

चि. वरद यास आशीर्वाद.

तुझं पत्र आज हातात पडलं. फोन घेतला, तुझ्या गिरिधरमामांचा नंबर काढला आणि ठेवून दिला. पुन्हा घेतला, पुन्हा ठेवला. जेवण गेलं नाही.

मी काय सांगू त्यांना? मी बाग बघितलेली नाही. काडीला नख मी लावलेलं नाही. ते विचारतील, ताई तुम्हाला कसं कळलं, तर मला तुझंच नाव घ्यावं लागेल. मग तुझं बोलणं माझ्या तोंडून जाईल आणि पुढच्या वेळी पण तू पत्रच लिहीत बसशील. झाडाचं काही बरंवाईट झालं तर मी स्वतःला माफ करणार नाही, हे पण लिहून ठेवते. मी बरोबर करतेय का चूक, मला कळत नाही. इथं दोन्ही बाजूंना बघता येत नाही.

बाळा, तू फोन न करता पत्र टाकलंस. पत्राला किती वेळ लागतो ते तुला माहीत आहे. हे वाचेपर्यंत तू थांबला नसशील अशी मला आशा आहे. थांबला असशील तर कागद खाली ठेव आणि असाच उठून जा.

उद्या संध्याकाळपर्यंत मन थाऱ्यावर आलं नाही, तर मी फोन करीनच. मी काही दगडाची नाही.

तुझी
आत्या

*

मामाचा मळा, अंबड
८ जानेवारी २०२५

ती. आत्यास सा. न.

तुझा फोन आला न्हाई. काल सांजच्याला मी वाट बघायची सोडली. नाल्याकडची एक काडी आन् काळीतली एक काडी तोडली, मामा चहा पीत व्हते, त्यांच्या बशीशेजारी ठेवली. नखानं दोन्हीची साल काढली. मामानं बघितलं. कोणत्या ओळीची म्हणले. मी बोट दाखवलं. ते चहा तसाच ठेवून पळत गेले.

आज सकाळीच पाणी सोडायचं ठरलं. मला वाटलं सुटलो. पण खरी गंमत पुढं हाय.

मामी म्हणली, पाणी सोडायचं तर नारळ आजच फोडते. मामा म्हणले, मंग सगळ्याच बागेला सोडू, आपल्यात दोन दिवशी पाणी कधी झालं न्हाई. नाल्याकडचं ड्रिप चालू झालं. अप्पाराव काळीतला पाण्याचा कॉक फिरवायला वाकला. आत्या, काळीचा अजून चढ चालू हाय! आज पाणी दिलं तर तिथं नुसती पालवी फुटंल. काड्या माझ्या हातात नव्हत्या. सगळ्यांची पाठ माझ्याकडं.

मी थांबा म्हणून ओरडलो. किती जोरात ते मलाच कळलं न्हाई. अप्पारावानं विंचू चावल्यासारखा कॉक सोडला. मामीच्या ताटातलं कुंकू सांडलं. तिला वाटलं मला साप डसला, ती माझा पाय धरून बघाया लागली. अप्पाराव म्हणला, अरे ह्याला तर आवाज हाय.

मंग मी बोललो. खाली बघून बोललो, पण बोललो. नाल्याकडं उतार लागलाय, काळीत चढ हाय, दोघांचा माथा एका दिवशी येत न्हाई, असं. मधात एकदा x पण आला तोंडात. मंग मामा काळीतल्या चार-पाच झाडांना स्वतः नख लावून आले. म्हणले पोराचं बराबर हाय, पण दोनदा पाणी म्हंजे देवाला काय वाटंल. ते मामीनं मिटवलं. ती म्हणली, संक्रांतीला दुसरा नारळ फोडते, देवाला दोन मिळतील, तो कशाला तक्रार करतोय.

अक्षर पुन्हा बारीक झालंय, माफ कर. रागावली असशील तर राग ठेव, पण पत्र टाक.

तुझा
वरद

*

मामाचा मळा, अंबड
१६ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं ते फोन न केल्याचं पत्र आलं तवा पाणी देऊन झाल्तं, आन् तू त्या सांजच्याला फोन केला तवा मामीनं तुला सांगितलंबी व्हतं. वाचून आधी राग आला. मंग पुन्हा वाचलं आन् मामीला दाखवलं. मामी म्हणली, तुझी आत्या त्या दिवशी आपल्यापेक्षा जास्ती उपाशी व्हती.

आता फूल आलंय. काळीत भरून. घरात बसलं तरी वास येतो. नाल्याकडं विरळ हाय, आन् टोकाची दोन झाडं गेलीच, ती मामानं काल काढली. मी तिथंच उभा व्हतो. चार दिवस आधी बोललो असतो तर, असं मनात आलं. मामानं ओळखलं असंल, म्हणले बाकीची ओळ बघ, तिला पालवी हाय, जगली ती.

शाळेचं तू विचारलं. बाबाबी विचारून राह्यला. मी अजून ठरवलं न्हाई. तू गणितं पाठवत जा, जरा अवघड पाठव.

आन् एक नवीनच झालंय. शेजारचा रामप्रसाद मोसंबीवाला मामाकडं आल्ता. त्याच्या अर्ध्या झाडांना फूलच न्हाई. म्हणला तुमचा पोरगा बघून सांगंल का. मला वाटलं मामाच काहीतरी सांगतील. तर मामानं माझ्याकडं बघितलं आन् गप बसले, मुद्दाम. अप्पाराव तर हसूनच राह्यला. मी म्हणलो, इथून कसं सांगू, झाड बघावं लागंल. तो म्हणला मंग चला. त्याच्याकडं त्याचे भाऊ हायेत, पाव्हणे आल्यात, सगळे विचारणार.

तो बाहेर मोटरसायकल चालू करून उभा हाय, म्हणून पत्र इथंच थांबवतो. पोस्टात वाटेतच टाकीन. माझी आठवण काढत जा.

तुझा
वरद