पुलाच्या मधात

प्रिय बाबा,

आधी ‘तीर्थरूप’ लिहून सुरुवात केली होती. शाळेत तसंच शिकवलं होतं. पण वाचून पाहिलं तर ते पत्र भिंतीवरच्या फोटोला लिहिल्यासारखं वाटलं, म्हणून कागद बदलला.

आई बरी आहे. वांग्याचा शेवटचा तोडा सुरू आहे. सांभार, पुस्तकातली कोथिंबीर, यंदा इतका छान आला आहे, की अल्लीपूरच्या बाजारात उन्हं चढायच्या आत टोपली रिकामी होते. गाय व्यायली, कालवड झाली. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण वर्षालीताईच्या फोनवर मी बोलत असतो आणि तिकडून काहीच येत नाही, तेव्हा माझ्या तोंडून ‘हॅलो, हॅलो’ निघून जातं आणि मग मीच ओशाळतो. तुमचं गळ्याचं ऑपरेशन दिवाळीआधी झालं, तरी माझी ती सवय जात नाही. कागदावर तसं होत नाही. कागदावर आपण दोघंही सारखेच गप्प.

ताई म्हणते, तुम्ही आता वरणभात नीट जेवता, डॉक्टरांनीही घरी जायला हरकत नाही म्हटलं आहे, पण गावाचं नाव काढलं की तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपता. परवा ती हळू आवाजात मला सांगत होती, ‘बाबाले काई म्हणू नको बाप्पा. त्याइले वाटते, आता गावात जाऊन करू काय.’ म्हणून मी काही म्हणत नाही. इकडची खबर तेवढी सांगतो.

नदीवरचा पूल झाला. कठड्यांना रंगही लागला. खालचा जुना रपटा अजून तसाच आहे, पण वरून पाहिलं की तो इतका ठेंगणा दिसतो, की याच्यावरून पाणी गेल्यावर आपण चार-चार दिवस अडकून पडायचो हे खरंच वाटत नाही. पुढच्या गुरुवारी उद्घाटन आहे. फीत साहेबांनी कापावी, पण पूल भजनाने सुरू व्हावा, असं दोन्ही गावांनी ठरवलं. आपलं मंडळ इकडच्या टोकापासून म्हणत निघणार, टाकळीचं मंडळ तिकडच्या टोकापासून. भजन एकच. मधात भेटायचं. तिकडचे पुढारी अर्थात भैय्याजी मामा. आपल्याकडून तानबा काका. काकांनी पहिल्याच बैठकीत अट घातली, की टाकळीवाले मधाच्या पुढे एक पाऊल आले तर आपण पेटी उचलून परत यायचं. मामांचा निरोप आला, ‘तानबाले सांगजो, तुयी पेटी आमीच उचलून आणून देऊ, तुले दम लागते.’ म्हणजे सगळं नेहमीसारखंच आहे. फक्त तुम्ही बोरगावला ताईकडे गेल्यापासून आपल्या मंडळाने पेटी उघडली नव्हती, ती आता उघडली.

गाणं लिहायचं आणि आपल्या बाजूने पेटी घेऊन म्हणायचं काम माझ्यावर आलं. बारावी सुटली तरी माझ्या हातचं पुस्तक सुटलं नाही, हे गावाला माहीत आहे आणि लोक त्यासाठी मला हसतातही. तुम्हाला आठवतं का, वर्ध्याच्या जुन्या पुस्तकवाल्याकडून तुम्ही पेटी शिकवणारं पुस्तक आणलं होतं, कव्हर नसलेलं? तुम्हाला त्यातली स्वरांची लिपी वाचता येत नव्हती आणि मला तेव्हा गाता येत नव्हतं. मी अक्षरावर बोट ठेवून वाचायचो, तुम्ही ते गळ्यातून काढायचात, आणि मग मी तो सूर पेटीवर शोधायचो. एक ओळ वाचायला आपल्याला दोन माणसं लागायची. ते पुस्तक मी अजून वापरतो, पण आता पानावरची ओळ पानावरच राहते.

या वेळी ताईने वाचनालयातून आणखी दोन पुस्तकं पाठवली. एक गाणी कशी लिहावीत याचं, दुसरं लोकांसमोर कसं गावं याचं. दुसऱ्यात म्हटलं आहे, की भीती वाटत असेल तर शेवटच्या रांगेकडे पाहून गावं. आपल्याकडे शेवटच्या रांगेत शालूबाई बसतात. मी त्यांच्याकडे पाहिलं की त्या तोंडाला पदर लावतात, आणि मग सगळी रांगच हसते. ते पुस्तक मी बाजूला ठेवलं आहे. पहिलं मात्र कामाचं निघालं. माझा पहिला खर्डा ‘हे सेतू, तू प्रगतीचा दाता’ असा होता. तानबा काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘हे भजन होय का सरपंचाचं भाषण?’ पुस्तकातही वेगळ्या शब्दांत तेच होतं. मोठ्या शब्दापासून सुरुवात करू नका, एका माणसाने डोळ्यांनी पाहिलेल्या एका गोष्टीपासून करा.

म्हणून मी आईला विचारलं. आम्ही सांभाराच्या जुड्या बांधत होतो. तिने माझ्या जन्माच्या दिवसाचं सांगितलं. रपट्यावरून पाणी चाललं होतं. ती घरात अडली होती आणि मामा पलीकडच्या काठावर येऊन उभे होते, बहीण सुखरूप आहे की नाही एवढंच त्यांना कळायला हवं होतं. तुम्ही काठावर जाऊन ओरडलात. ओरडून पोचेना म्हणून वरच्या पट्टीत गाऊन सांगितलंत. आई म्हणाली, ‘तुया बापाचा गळा चार गावाले आयकू ये, पण त्या दिवशी पान्याच्या पलीकडे नाई गेला.’ मग तुम्ही घरातून खंजरी आणलीत, दगडावर चढलात आणि भजनात समेवर नेता तशी डोक्याच्या वर नेलीत. पुन्हा पुन्हा. पलीकडे मामांनी दुपट्टा हवेत फेकला. हे मला तुम्ही कधी सांगितलं नव्हतं. त्याच दुपारी ओळी आल्या:

पाणी होतं मधात भाऊ, दिसत होता हात,
आता चालत येजो घरी, गरम आहे भात.

काकांनी ऐकलं, तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकून आले आणि म्हणाले, ‘हे चालते.’ मामांना फोनवर म्हणून दाखवलं तर ते बराच वेळ बोललेच नाहीत. तेव्हाही मी ‘हॅलो, हॅलो’ केलं.

परवा संध्याकाळी पुलावर तालीम झाली आणि सगळं फसलं. दोन्हीकडून एकाच वेळी सुरुवात केली होती. निम्म्या वाटेपर्यंत छान वाटलं. पण जवळ आलो तसं लक्षात आलं, की त्यांचे टाळ आमच्या टाळांच्या मधल्या फटीत पडत आहेत. आम्ही त्यांना धरायला गेलो, ते आम्हाला धरायला आले, आणि मधात नुसता कल्ला झाला. काका ओरडले, ‘टाकळीवाले पळून राह्यले!’ तिकडून मामा, ‘आमी पळून नाई राह्यलो, तुमी झोपून राह्यले!’ मी सगळी पुस्तकं चाळली. सगळ्यांत गाणारे एकाच सतरंजीवर बसलेले आहेत. पुलाच्या दोन टोकांना उभं राहून गाणाऱ्यांसाठी कुणीच काही लिहिलेलं नाही.

मला चैन पडेना. काल सकाळी मी मामांना तिकडच्या टोकाला उभं केलं आणि टाळ वाजवायला सांगितलं. त्यांचा हात खाली आलेला दिसत होता आणि टाळ त्यानंतर ऐकू येत होता. म्हणजे पळत कुणीच नव्हतं, झोपलंही कुणी नव्हतं. आवाज तेवढा उशिरा पोचत होता. आम्ही एकमेकांना ऐकून गात होतो, गायला हवं होतं पाहून. पहिल्यापासून कुणीतरी पुलाच्या मधात उभं राहायला हवं आणि समेवर त्याचा हात वर गेलेला दोन्ही मंडळांना दिसायला हवा.

मग तानबा काका मधात उभे राहिले. टाकळीवाल्यांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. नंतर टाकळीचा गुलाब उभा राहिला, तर आपली माणसं नदीत मासे आहेत का ते पाहत होती. शेवटी एकाने तोड काढली, की रूपरावांचं, म्हणजे तुमचं, जुनं भजन मोबाइलमध्ये आहे, ते भोंग्यावर मधात लावू, दोन्ही गावं त्याच्यामागे म्हणतील. सगळ्यांना पटलं. बाबा, मी बैठकीत कधी बोलत नाही हे तुम्हाला माहीत आहे. पण मी उभा राहिलो आणि म्हणालो, ‘नाई. माणूस हयात असून त्याची टेप काऊन लावता?’ मामांनी विचारलं, ‘मंग तूच सांग, कोणाले उभं करतं?’

आई यातलं काहीच बोलत नाही. पण तुम्ही गेल्यापासून ती रोज तुमची खंजरी उन्हात ठेवते, आणि ऊन नसलं तर चुलीजवळ. मी विचारलं तर म्हणाली, ‘कातडं ढिलं पडते ना बाबू, वापरात नसलं का.’ काल मी वाजवून पाहिली. तुम्ही वाजवायचात तेव्हा होती तशीच ताणलेली आहे. आणि ताईच्या तोंडून एक गोष्ट सुटली, तिच्यावर रागावू नका. टीव्हीवर भजन लागलं, की तुमची बोटं ताटाच्या काठावर चालतात, आणि ती खोलीत आली की थांबतात.

मामांच्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. तुम्हाला विचारल्याशिवाय कसं देणार? म्हणून हे पत्र. तुम्ही या गावचे आहात आणि त्या गावचे जावई, तुमच्याकडे दोन्हीकडची माणसं पाहतील. गायला इकडून मी आहे, तिकडून मामा आहेत, तुम्हाला गायचं नाही, मधात उभं राहून समेवर खंजरी तेवढी वर न्यायची. गळ्याभोवती दुपट्टा गुंडाळा, तुम्ही तो आधीही काढत नव्हतात. मी पेटी घेऊन तुमच्याकडे पाहत चालत येईन, म्हणजे मला शालूबाईंकडे पाहावं लागणार नाही. माझ्या जन्माच्या दिवशीसुद्धा तुमचा आवाज नदीपलीकडे पोचला नव्हता, बाबा. मामांनी तुमचा हात पाहिला होता. बुधवारी भाऊजींना सुट्टी आहे, ते गाडीवर आणून सोडायला तयार आहेत. यायचं असेल तर ताईला माझा फोन लावून द्यायला सांगा आणि फोनच्या पाठीवर बोटाने एकदा ठेका वाजवा. मी ‘हॅलो’ म्हणणार नाही. ऐकत राहीन.

तुमच्या ठेक्याची वाट पाहणारा, तुमचाच,
आदेश