पत्त्याचा रकाना

अहो,

मी ड्युटीवर जातेय. आत्ताच कुठे डोळा लागला होता तुमचा, म्हणून उठवलं नाही. जेवण झाकून ठेवलंय.

घरं विकायच्या लायसन्सचा अर्ज टेबलावर आहे, त्यावर चहाचा कप ठेवू नका. परीक्षा पास झाल्याचा दाखला जोडलाय. पोलिसांचा चारित्र्याचा दाखला तुम्हालाच आणावा लागेल, माझ्या हाती देत नाहीत. फोटो नवा लागतो, तेव्हा आधी दाढी करा.

पत्त्याचा रकाना कोरा ठेवलाय. तिथे ऑफिसचा पत्ता लागतो आणि आपण याच घराचा देणार होतो. आता काय लिहायचं, मला सुचत नाही.

घरमालक म्हणाले, गिऱ्हाइकाला जरा घर दाखवा, नवे मालक तुम्हालाच भाडेकरू ठेवतील. तुमचा विश्वास बसला. पण इतका जीव ओतून दाखवायची काय गरज होती? सकाळचं ऊन कुठे येतं, वारा कुठल्या खिडकीशी लागतो, सगळं सांगून बसलात. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. मलाही वाटलं, किती छान घर आहे. त्यांनाही तेच वाटलं, आता स्वतःच राहायला येताहेत. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

ते लोक संध्याकाळी पडद्यांची मापं घ्यायला येतील. तुम्ही काही दाखवू नका. दार उघडा आणि बाजूला उभे राहा.