शुद्ध बोलणाऱ्या मुलींची शाळा

मळा, ता. कन्नड
२ एप्रिल १९५८

चि. सौ. आशास,

दादाचे आशीर्वाद. आम्ही खुशाल, तुमची खुशाली कळव.

आपली साळू यंदा सातवी होईल. इथं पुढं वर्ग नाय. तुझी वहिनी म्हणते, पोरीला आता चूल शिकवू. मी म्हणालो, चूल कुठं पळून जात नाय. मला निजामाच्या अमदानीत उर्दूत शिकावं लागलं, ठाऊक आहे तुला. हिशेब डोक्यात मराठीत व्हायचा अन् तोंडातून उर्दूत काढायचा. त्या खटाटोपात मी निम्मा मुका झालो. आता पोलीस ॲक्शन होऊन इतकी वर्षं झाली, आपल्या भाषेत हायस्कुलं निघाली. माझी पोर तरी आपल्या तोंडानं शिकू दे.

तुमच्या गारखेड्याकडं मुलींचं एक हायस्कूल आहे, त्याचं लई नाव ऐकतो. तू स्वतः जाऊन बघ. इमारत बघू नको, मास्तरणी बघ. मारतात का, विचारलेलं समजावून सांगतात का, खेड्यातली पोर घेतात का. एखाद्या पोरीच्या आईलाही विचार. साळूला तू ओळखतेस. ती बोलायला लागली की कोंबड्या अंडं द्यायचं विसरतात. तिला सांभाळून घेणारी शाळा पाहिजे.

दाजींना रामराम. भावाची आठवण असू दे.

तुझा दादा
काकासाहेब

गारखेडा, औरंगाबाद
१६ एप्रिल १९५८

ती. दादास,

आशाचा शि. सा. नमस्कार. पत्र मिळालं. सध्या सकाळची शाळा आहे, म्हणून स्वयंपाक उरकून लगेच गेले.

दगडी इमारत आहे, पूर्वीची कुठली तरी कचेरी. फरशीवर तोंड दिसावं इतकी स्वच्छ. मोठ्या बाई मनकर्णाबाई म्हणून आहेत. त्यांचा आवाज मऊ, आणि हातात छडी नाही. मी खोदून खोदून विचारलं, त्यांनी सगळं नीट सांगितलं. गणिताला वेगळ्या बाई आहेत, मॅट्रिकला कुणी नापास होत नाही. प्रवेशाला परीक्षा नाही. मुलीनं फक्त यायचं आणि त्यांच्यासमोर बोलायचं. त्या ऐकून ठरवतात. साळू कशी आहे ते त्यांनी मलाच सांगायला लावलं, आणि मी बोलत असताना डोळे मिटून बसल्या, गाणं ऐकावं तशा. माझ्या तोंडून ‘लई’ गेलं होतं, त्यावर शेवटी हसून म्हणाल्या, की असा शब्द नाही, पण ते होईल नीट.

दादा, एकच सांगते. मधल्या सुट्टीत मुली अंगणात आल्या, डबे खाल्ले, हात धुतले, आत गेल्या. आवाज नाही. मला चिमणीचं पाणी पिणं ऐकू येत होतं. माझ्या हातून छत्री पडली तर सगळ्या मुलींनी एकदम मान वळवली आणि एकदमच परत फिरवली.

शेजारच्या दगडाबाईंची सरू तिथं नववीत आहे. दगडाबाई म्हणाल्या, पोर सोनं झाली, उलटून एक शब्द बोलत नाही. पण हे सांगताना त्या घासलेलंच पातेलं पुन्हा पुन्हा घासत होत्या.

शिस्त म्हणावी तर फार चांगली आहे. तू ठरव. वहिनीला माझी माया सांग.

तुझी
आशा

गारखेडा
२९ जून १९५८

ती. आबास,

साळूचा नमस्कार. तुमी मोटारीत बसल्यावर मी रडले नाय, आत्याला इचारा.

मोठ्या बाई म्हणाल्या, बोल. मी आपली शेळी, हिरीतली कासवं, सोनाजी काकाचं भांडण, समदं सांगितलं. त्या डोळे मिटून ऐकत व्हत्या. मग म्हणाल्या, इतका भरलेला आवाज लई दिवसांनी आला. म्हंजे लई नाय म्हणाल्या, फार म्हणाल्या. अन् घेतलं मला!

पोरी बोलतच नायत. मी सरूला चिमटा काढला तर तिनं नुसतं बघितलं. रोज सकाळी प्रार्थना झाली की परतेकीनं एक वाक्य बोलायचं, अन् बाई ते शुद्ध करून देतात. मग ते तसंच म्हणायचं. गंमत सांगू का? काल घरी आल्यावर मी ते जुन्या तऱ्हेनं म्हणाया गेले, तर घशातून आलंच नाय. चार येळा बघितलं. गेलंच कुठं तरी.

मायला सांगा, शेळीला पाला घाल. तिला माझं नाव घेऊन हाक मारत जा, नाय तर इसरंल मला.

तुमची
साळू

गारखेडा
१२ ऑक्टोबर १९५८

तीर्थरूप बाबांस,

कृ. सा. न. वि. वि. मी येथे कुशल आहे. माझा अभ्यास उत्तम चालला आहे. आपली शेळी मेल्याचे वाचून वाईट वाटले. तिकडे पाऊस समाधानकारक झाला असेल. तीर्थरूप आईस नमस्कार.

आपली आज्ञाधारक
साळू

गारखेडा
१२ ऑक्टोबर १९५८

ती. दादास,

नमस्कार. साळूच्या पत्रासोबत हे घाईनं धाडते.

तिचं पत्र वाचलंस ना? आज दगडाबाईंनी सरूनं मामाला लिहिलेलं पत्र मला वाचायला दिलं. शब्दाला शब्द हेच आहे. फक्त शेळीच्या जागी बैल.

पोर आजारी नाही. जेवते, झोपते, पहिला नंबर आहे. पण पाणी प्यायचं तरी परवानगी मागते. काल मी तिला धरून गुदगुल्या केल्या. ती हसली नाही, दादा. मी थांबण्याची वाट बघत उभी राहिली. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, मोठी झाली पोर. मोठं होणं असं नसतं. मी मोठी होताना तुझं डोकं किती खाल्लं!

शाळा मीच बघून आले होते. मला अन्न गोड लागत नाही. दिवाळीला तिला घेऊन जा, आणि परत पाठवण्याआधी वहिनीला तिच्याशी बोलू दे.

काळजीत असलेली
आशा

मळा, ता. कन्नड
२० नोव्हेंबर १९५८

चि. सौ. आशास,

आशीर्वाद. साळूला आता धाडत नाय.

कन्नडच्या डॉक्टरनं घसा बघितला, म्हणाला साफ आहे. दिवाळीत पोरी फुलबाज्या घेऊन आल्या, ही दारात हात जोडून उभी. वहिनी हाक मारते तर ‘होय आई’ म्हणते. जन्मापासून ती ‘काय गं माये’ म्हणायची. काल वहिनी मला म्हणाली, अंग माझ्या पोरीचं हाय, पण बोलतंय कोण? मी निम्मा मुका झालो होतो, तरी उरलेला निम्मा माझा होता.

तू शाळेत जाऊन तिचा दाखला काढून आण. मनकर्णाबाईंशी वाद घालू नको. दुसरी शाळा पुढं बघू.

दादा

गारखेडा
२७ नोव्हेंबर १९५८

ती. दादास,

नमस्कार. आल्या आल्या लिहायला बसले, अक्षर सांभाळून घे.

आज दाखल्यासाठी गेले. व्हरांड्यात बसले होते, आठवीची हजेरी चालली होती. साळूचं नाव आलं. ती गावी आहे, असं सांगायला मी उठले. तेवढ्यात आतून आवाज आला, ‘हाय जी! हितंच हाय की!’

आपल्या साळूचा, दादा. जूनमधल्या साळूचा. मी दारातून बघितलं. तिची जागा रिकामी होती. बाकी मुली समोर बघत होत्या, एकीचाही ओठ हलला नाही. मनकर्णाबाई खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखं समाधान होतं. मी विचारलं, हे काय आहे? त्या मऊ आवाजात म्हणाल्या, मुली जातात, पण शाळेला दिलेलं शाळेतच राहतं, आम्ही ते जपतो.

मी उंबऱ्याच्या आत पाय ठेवला नाही. बाहेरूनच ओरडले, जन्मात ओरडले नसेन तशी, की साळे, मेले, चल घरी, माय वाट बघतीय! आणि फिरले. मागं पाहिलं नाही. रस्ताभर माझ्या पदराशी कुणी तरी बडबडत होतं. शब्द कळत नव्हते, पण ती धांदल मी ओळखते. घरी न जाता मोटारीच्या अड्ड्यावर गेले, कन्नडच्या मोटारीचं दार दाखवलं, म्हणाले, बस आत. लोक माझ्याकडं बघत होते. मोटार सुटली तशी माझ्या शेजारची बडबड थांबली.

दाखला राहिला. माझं डोकं फिरलं असेल तर तसं लिही. पण लवकर लिही.

आशा

मळा, ता. कन्नड
३० नोव्हेंबर १९५८

चि. सौ. आशास,

अनेक आशीर्वाद. तुझं डोकं जागेवर आहे.

त्या दिवशी दिवेलागणीला साळू ज्वारी निवडत होती. फाट्यावर मोटार थांबल्याचा आवाज आला, अन् थोड्या वेळात कुत्रं शेपूट हलवत मोकळ्या वाटेकडं धावलं. साळूला ठसका लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकली. मग सूप आपटून वहिनीला म्हणाली, माये, शेळी मेली अन् तू मला नुसतं पत्रात कळवतीस व्हय? अन् भोकाड पसरलं. वहिनी तिला धरून रडली, मी गोठ्यात जाऊन रडलो. तेव्हापासून तिचं तोंड बंद नाय. कोंबड्या पुन्हा बेजार आहेत.

पण आशा, बोलता बोलता ती मधेच गप होते अन् कान देते. काल मी विचारलं तर म्हणाली, आबा, सरू बी तिथंच हाय. लई जणी हायत. जुन्या जुन्या बी हायत. समद्या एकदम बोलतेत, पर त्यांना न्यायला कुणी हाकच मारत नाय.

पुढल्या सोमवारच्या मोटारीनं मी येतो. तोवर दगडाबाईंना सगळं सांग. विश्वास बसणार नाय त्यांचा, तरी सांग. त्यांना एवढंच म्हण, की दारात उभं राहून पोरीला घरच्या नावानं हाक मारायची, अन् पोर उलटून बोलेल त्याची तयारी ठेवायची.

तुझा
दादा