स्वयंपाकघरातले एक्स्ट्रा पॉइंट

वाराणसी, पंचगंगा घाट
८ जानेवारी २०२४

ती. उल्हासदादास,
पद्माचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की सगळी गल्ली ऐकते, म्हणून कागद घेतला. चौथीपर्यंतच शिकले, चुका निघतीलच. त्या काढत बसू नकोस, कामाचं वाच.

सारनाथच्या वाटेवरचं आमचं घर भिंतींपर्यंत आलं. पुढच्या महिन्यात स्लॅब ओतायचा, इथे त्याला ढलाई म्हणतात. ठेकेदार विष्णु म्हणतो, ठरल्या पैशात दर खोलीला एक दिवा, एक पंखा, एक प्लग. बाकी सगळं एक्स्ट्रा. मी स्वयंपाकघरात मोठे प्लग मागितले. पुरणाचं मशीन, मिक्सर, मोठा फ्रीज, गीझर, हे काय दिव्याच्या प्लगावर चालतं? तर हे आणि निनाद एका सुरात म्हणाले, बजेट नाही. बँकेत लागल्यापासून आमचा मुलगा बजेट हा शब्द जप केल्यासारखा म्हणतो. बैठकीच्या छताला बारा दिवे आणि मधोमध झुंबर, त्याला मात्र बजेट आहे!

वर आणखी शहाणपण ऐक. स्वयंपाकघराच्या बटणांचा बोर्ड यांनी दाराबाहेर काढायला लावलाय. का, तर उद्या दुरुस्तीला मिस्त्री आला तर सोवळ्यातल्या जागेत त्याचा पाय नको. आता मी श्राद्धाच्या स्वयंपाकाला सोवळं नेसून आत उभी, आणि बटण बाहेर, आल्यागेल्याने शिवलेलं. ते दाबलं की पुन्हा अंघोळ. एका पुरणाला किती अंघोळी करू? आपल्याकडचे यात्रेकरू पिंडदान करून माझ्याकडे जेवायला येतात ते सोवळ्याचा स्वयंपाक असतो म्हणूनच ना?

तुझं वाईला दिव्या-पंख्यांचं दुकान आहे. हे सगळं कसं बसवायचं ते लिही. वहिनीला नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू दे, उत्तर मात्र लवकर टाक.

तुझी
पद्मा


वाई
१७ जानेवारी २०२४

चि. सौ. पद्मा हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. चुका काढल्या नाहीत, तुझ्यापुढे ती हिंमत लहानपणीही नव्हती.

दुकानात बसून जे पाहिलं ते सांगतो. माणसं विटा-सिमेंटचा हिशोब आधी करतात आणि विजेचं उरलेल्या पैशात बसवू म्हणतात. उरत कधीच नाही. बटणं, दिवे, झुंबर पुढच्या दिवाळीला घेतलं तरी घर अडत नाही. पण तारा घालायची स्लॅबमधली आणि भिंतीतली नळी आधीच पडली पाहिजे. नळी स्वस्त असते, नंतरची फोडाफोड महाग. तेव्हा मोठ्या प्लगांच्या नळ्या आत्ता टाकून घे, त्यांना मीटरपासून वेगळी जाड तार धर आणि बोर्ड आत घे. बारा दिव्यांतले सहा कमी केले तर खर्च तिथल्या तिथे भागेल.

आता दुसरं. एवढ्याशा खर्चाला नाही म्हणणारे तुझे यजमान दिनानाथराव नव्हेत. मला इथे पाणी मुरताना दिसतंय. नव्या घरात गेल्यावरही तू यात्रेकरूंना जेवू घालणार, हे त्या दोघांनी धरलंय का? की तू एकटीनेच? एकदा सरळ विचार.

तब्येतीला जप, जिभेला त्याहून जप. माया आहेच, ती लिहून दाखवायची आपल्याकडे रीत नाही.

तुझा
दादा


वाराणसी
२९ जानेवारी २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

विचारलं. जेवताना विचारलं, म्हणजे उठून जाता येत नाही. यांनी वरण पुन्हा वाढून घेतलं. निनादने खरं सांगितलं. बजेटचं नुसतं निमित्त. नव्या कॉलनीत लोक काय म्हणतील, बँकेतल्या साहेबाची आई श्राद्धाची जेवणं करते? उद्या सून येईल. तू पुष्कळ केलंस, आता आराम कर, म्हणे.

आराम म्हणजे काय रे दादा? टीव्हीपुढे बसून शेंगा सोलायच्या? त्याचं कॉलेज त्याच पुरणावर झालं हे मी बोलले नाही. त्याला माहीत आहे, म्हणून तर लाज वाटते. घाटावरून रडून आलेली माणसं माझ्याकडे दोन घास खातात आणि मग त्यांना बोलायला सुचतं. परवा जालन्याच्या एका बाईने कढी तिसऱ्यांदा मागून घेतली आणि मग सासऱ्यांच्या गोष्टी सांगत बसली. हे मी सोडू? डबे भरून इथल्या टोटो रिक्षाने घाटावर पाठवीन, पण सोडणार नाही.

विष्णुला म्हटलं, नळ्यांचे पैसे माझ्या कमाईतले घे. तो म्हणतो, मालकाच्या शब्दाशिवाय नाही. वसंत पंचमीला ढलाई आहे. नैवेद्य तिथेच, सोवळ्यात झाला पाहिजे असा यांचा हुकूम. करते. मनात एक आहे, ते आत्ता लिहीत नाही. तू उगाच घोर लावून घेशील.

राग नसावा, असला तर माझ्यावर नसावा.

पद्मा


वाराणसी
१७ फेब्रुवारी २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

झालं ते सांगते. प्लॉटवर बोअरच्या पाण्याने अंघोळ केली, सोवळं नेसले, शिरा केला. खाली सिमेंटचा मसाला कालवायचं मशीन घरघरायला लागलं तशी नैवेद्याचं पातेलं घेऊन शिडीने वर गेले आणि स्वयंपाकघराच्या जागेवर, त्या लोखंडाच्या जाळीवर बसले. म्हटलं, नळ्या पडल्याशिवाय उठत नाही.

मजूर लांब सरले. हात धरून उठवणार कोण? मला शिवलं की नैवेद्य बाटला, पुन्हा अंघोळ, पुन्हा शिरा, मुहूर्त गेला. विष्णु खालून ओरडत होता की माताजी, मसाला जम जाएगा. म्हटलं, जमू दे. निनाद तर असलं काही मानतच नाही. तो लाल होऊन पुढे आला.

तेव्हा यांनी त्याचा दंड धरला. जन्मात पहिल्यांदा मुलाला चारचौघांत अडवलं. म्हणाले, घर आधी तिचं आहे, तिला विचारायला हवं होतं. मग मला विचारलं, नळ्या कुठे उतरवायच्या. मिस्त्री छताच्या दिव्यांसाठी आलेलाच होता. मी बोट दाखवत गेले, तो बांधत गेला. बोर्ड आत आला. बैठकीतले सहा दिवे गेले, झुंबर सध्या नाही.

खाली उतरायच्या आधी यांनी मिस्त्रीला आपण होऊन सांगितलं, शेगडीच्या वर धूर बाहेर फेकणाऱ्या पंख्याचाही पॉइंट काढ, हिला दम लागतो. मी मागितला नव्हता. इतकी वर्षं दिसला नव्हता तो धूर? हे बोलायला तोंड उघडलं होतं. मग मिटलं.

निनाद बोलत नाही. बोलेल. नाही बोलला तर जेवतो तरी आहे.

वहिनीला घेऊन वास्तुशांतीला ये. आणि येताना दुकानातला तो पंखा घेऊन ये, चांगल्यातला. दाम घेशील तर भांडेन.

तुझी
पद्मा